आम्ही दोघी जावा गायचो

मला अजून फोन येतात. लग्नाचा हंगाम आला की जास्तच. समोरचा बहुतेक हिंदीतच सुरू होतो, वो दो जावावाली पार्टी आप ही हो ना, तारीख मिलेगी क्या. मी सांगते की आता एकच जाऊ उरली आहे. काही जण ओशाळतात आणि फोन ठेवतात. काही जण विचारतात, मग दुसरी कोणी उभी करता येणार नाही का, पब्लिकला कुठं कळतं. अशा माणसाला मी जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं तोंड माहेरपासूनच तिखट. सासरी आल्यावर ते बरीच वर्षं पदराखाली दाबून ठेवावं लागलं, त्याचा हिशेब आता कोणावर ना कोणावर निघतो.

माझी मोठी जाऊ, जिला मी बाई म्हणायचे, तोंडाच्या कॅन्सरनं गेली. आमची जोडी त्याच्या आधीच तुटली होती. ती का तुटली यावर आमच्या गावात इतकं काही रचून सांगतात की ऐकून अंगाची लाही होते. लहानी आगाऊ होती, तिनं मोठीला तोडलं, मोठी त्या धसक्यानं गेली. लहानी म्हणजे मी. म्हणून म्हटलं, एकदा लिहून टाकावं.

माझं माहेर कुडव्याचं, म्हणजे गोंदियाच म्हणा. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेच्या गॅदरिंगमध्ये कॅसिओ वाजवणारी मी एकटीच पोरगी. सासर तिरोड्याकडच्या एका खेड्यातलं, पोवारांचं धानाचं घर. दोन भाऊ. धाकटा माझा नवरा, तो रायपूरकडे कारखान्यात, सणावारालाच घरी. मोठे ते माझे भासरे. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो भासऱ्यांचाच.

आता आमच्याकडची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लहान भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. समोर यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, आवाज तर नाहीच. भासरे अंगणात पाय टाकण्याआधी खाकरायचे, की मी पदर ओढून आत पळायचे. त्यांना माझ्याशी काही काम असलं तर ते बाईला म्हणायचे, "सांग तिले." मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत असायचे, तरी बाई वळून तेच मला पहिल्यापासून सांगायची, आणि माझं उत्तर त्यांनी ऐकलेलं असूनही त्यांना परत सांगायची. बाई घरात नसली तर ते गाईला सांगायचे. खरंच. गाईच्या तोंडाकडे बघत, आज तुले खायले तणीस कमी पडून राहिली, कोणी टाकेल तर बरं. लग्न नवीन होतं तेव्हा मी आत पदर तोंडात कोंबून हसायचे. पुढं त्याची सवय झाली.

बाईला गाण्याचं अंग होतं असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. आमच्या लग्नांत बायका इवायांना, म्हणजे व्याह्यांना, गाण्यातून शिव्या घालतात. त्याला गारी म्हणतात. बाई मांडवात बसली की इवाई मंडळी जेवता जेवता चोरासारखी मान खाली घालायची. समोरच्याचं पोट, त्याची मिशी, त्यानं आणलेल्या साडीचा पोत, जे दिसेल ते ती जागच्या जागी गाण्यात ओवायची. एकदा एका इवायाच्या मिशीला खीर लागली होती. त्या खिरीवर तिनं इतका वेळ गाणं ताणलं की तो बिचारा उठून हात धुवायला गेला तो परत पंगतीत आलाच नाही.

चुलत नणंदेच्या लग्नात मी माहेरून माझा कॅसिओ आणला होता. बाई गात होती, मी गंमत म्हणून मागे ताल लावला. ती चमकली, माझ्याकडे बघून हसली आणि तालाला धरून गायला लागली. दुसरी ओळ मी उचलली. कोणीतरी ते फोनवर धरलं आणि टाकलं. पुढं काय झालं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. बालाघाटपासून भंडाऱ्यापर्यंतच्या लोकांनी ते एकमेकांना पाठवलं, आणि आम्ही भाजी घ्यायला तिरोड्याच्या बाजारात गेलो तर एक भाजीवाली म्हणाली, अवं, ह्या त्या दोन जावा होत. नाव आम्ही ठेवलं नाही. लोकांनीच ठेवलं.

भासऱ्यांनी हो म्हटलं, हे लिहिलंच पाहिजे. गावातले म्हातारे पारावर बसून म्हणत होते, घरच्या बायका स्टेजवर चढवून राहिला. भासरे म्हणाले, आमच्या मांडवात गातात त्या स्टेजवर गायल्या तर काय बिघडते. अट एवढीच, की डोक्यावरचा पदर खाली येणार नाही आणि बाहेरच्या माणसांशी बोलणं ते स्वतः करतील. जुनी व्हॅन होती, ती त्यांनी दुरुस्त करून घेतली. साउंडच्या वायरी कुठं लावायच्या ते शिकले. आम्ही गात असताना ते स्टेजच्या बाजूला हाताची घडी घालून उभे राहायचे, आणि मी पदराच्या कडेतून पाहिलंय, त्यांचा पाय तालावर हलत असायचा. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

काय दिवस होते ते! दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथं आम्ही. हळदी, लग्नं, बारशी, तिथं आम्ही. सकाळी धान कापणीला मजूर लावायचे, दुपारी व्हॅनमध्ये बसून डोळ्यांत काजळ घालायचं. पुढच्या सीटवर भासरे आणि बाई, मागं मी, कॅसिओ आणि साउंडचे डबे. भासरे पुढं बघत म्हणायचे, तिले सांग, मागचं गाणं जरा लांबलं आज. बाई मान वळवून मला सांगायची, लहानी, मागचं गाणं लांबलं म्हणतात. मी म्हणायचे, त्याईले सांगा, पब्लिकच उठत नव्हती. बाई सांगायची, पब्लिक उठत नव्हती म्हणते. हाताच्या अंतरावर बसलेली तीन माणसं आम्ही, आणि बोलणं असं वळसा घालून. बाईला त्यात मजा यायची. अधूनमधून ती मुद्दाम चुकीचं सांगायची, म्हणायची, लहानी म्हणते तुमी गाडी बैलावाणी हाकता. मी मागं बसून तिच्या पाठीत बुक्का मारायचे.

आमच्या गाण्याची पद्धत अशी की पुढची ओळ बाई कधी ठरवायचीच नाही. तिला तिथल्या तिथं सुचायचं. दुसऱ्यांदा ती ओळ मला तिच्याबरोबर उचलायची असायची. म्हणून माझे डोळे कायम तिच्या तोंडावर. ओठ कुठं वळले, श्वास किती घेतला, गाल कसा हलला, त्यावरून शब्द यायच्या आधी मला कळायचा. लोक म्हणायचे किती तालीम करता हो. तालीम कसली, मी आयुष्यात कोणाचं तोंड इतकं पाहिलं नाही. नवऱ्याचंसुद्धा नाही.

त्या तोंडात गुडाखू जायचा. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लेप असतो, इकडच्या बायका बोटावर घेऊन दातांना घासतात. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, आणि बाई तर कार्यक्रमाच्या आधी हमखास. गळा मोकळा होते म्हणायची. मी कुडव्याची, माझी आई असल्या गोष्टींना नाक मुरडायची, म्हणून मी सारखी बोलायचे. बाई बोट माझ्या नाकाशी आणून म्हणायची, घे, तुझा आवाज पातळ आहे तो जाड होईल.

एका पावसाळ्यात तिच्या डाव्या गालात आतून फोड आला. आला तो जाईना. तिनं गुडाखू वाढवला, कारण तो लावला की तेवढ्यापुरतं दुखणं बधिर व्हायचं. तेव्हाच आम्ही गोंदियाला एका खोलीत गाणं रेकॉर्ड करायला गेलो होतो. रोवण्याचं गाणं होतं, चिखलात परे, म्हणजे धानाची रोपं, लावताना बायका म्हणतात त्या चालीवर आम्ही रचलेलं. बाईला वरचा सूर घेताना तोंड उघडवेना. तिनं ओठ मिटूनच तो सूर गुणगुणला. मी थांबवायला हात वर केला तर रेकॉर्डिंगवाला काचेमागून अंगठा दाखवत होता. म्हणाला, भाभी, यही रखो, इसमें फील है. तेच ठेवलं. आणि आमचं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं तेच. पोरी त्याच्यावर व्हिडिओ करतात, डोळे मिटून, ओठ मिटून, बाईसारखं गुणगुणतात. मला कोणी दाखवलं की मी तिथून उठते. तिचं दुखत होतं, बाप्पा. दुखत होतं म्हणून तिनं तोंड उघडलं नाही.

शेवटी मीच बाईला गोंदियातल्या डॉक्टरकडे ओढून नेलं. भासरे व्हॅनपाशी थांबले. त्या छोट्या खोलीत मी आणि ते एकमेकांना न दिसता मावणार नव्हतो. डॉक्टरनं तिला तोंड उघडायला सांगितलं, बोटं आत जातात का पाहिलं, बॅटरी मारून गाल पाहिला. मग माझ्याकडे बघून सरळ म्हणाला, नागपूरला न्या, तुकडा काढून तपासायला लागेल, मला कॅन्सरची शंका आहे, थांबू नका. बाई हसली. पायऱ्या उतरताना तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, त्याईले मी सांगीन, तू मधात पडू नको.

व्हॅनमध्ये बसल्यावर तिनं सांगितलं, उष्णतेनं तोंड आलं, छाले आहेत म्हणे. मी मागं बसून ऐकत होते. माझ्या अंगात आग लागली, पण तोंडावर पदर.

तिनं असं का केलं? मी तिला विचारलं. सांदवाडीत, म्हणजे घराच्या मागच्या वाडीत, भांडी घासताना. ती म्हणाली, मंडईचा हंगाम तोंडावर आहे, त्याईनं इतक्या गावांना शब्द दिला, हंगाम संपला की जाऊ. ते खरं कारण नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून चूल, गोठा आणि धानाच्या बांध्या यांच्यापलीकडे तिनं काही पाहिलं नव्हतं. पोटी लेकरू नाही म्हणून ऐकायचं तेवढं ऐकून घेतलं होतं. आता ती स्टेजवर चढली की हजार माणसं उठून उभी राहायची. दवाखान्यात गेले की हे सगळं गेलं, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. मला तिचा राग येत होता आणि तिच्यासाठी जीवही तुटत होता.

मी नवऱ्याला फोन केला. म्हटलं, तुम्ही दादांना सांगा. तो म्हणाला, वहिनी सांगेल ना, मी इथून काय सांगू, दादाले वाटेल आम्ही त्याच्या घरात नाक खुपसून राहिलो. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा रडून सांगितलं. तो हो म्हणाला. नंतर कळलं की त्यानं फोन केला होता आणि धानाच्या भावाबद्दल बोलून ठेवून दिला होता.

त्यात आणखी एक गोष्ट आडवी आली. नागपूरचा एक माणूस गाणी बनवायचा, त्यानं भासऱ्यांना सुचवलं होतं की लहानीला एकटीला घेऊन एक गाणं करू, वय कमी आहे, कॅमेऱ्यात बरी दिसेल. मी बाईकडून निरोप दिला, असल्या माणसाला दारात उभं करू नका. पण ते भासऱ्यांच्या मनात कुठंतरी राहून गेलं असावं.

सडक अर्जुनीकडच्या एका मंडईतून आम्ही परतत होतो. दुपार होती. त्या दिवशी बाईनं निम्मी गाणी माझ्या अंगावर टाकली होती, स्वतः नुसते हातवारे केले होते, आणि लोकांना तेही आवडलं होतं. आता ती पुढच्या सीटवर गालाशी रुमाल धरून बसली होती. रुमालावर रक्ताचा डाग मला मागून दिसत होता. हायवेवर ट्रकांची रांग. भासरे खुशीत होते. म्हणाले, तिले सांग, पुढच्या रविवारी बोदलकसाकडचा कार्यक्रम घेतला, आणि त्याच्या पुढच्या रविवारीबी एक.

मी वाट पाहिली. बाई वळली नाही. तिला बोलवतच नव्हतं. भासरे परत म्हणाले, सांग ना वं तिले. बाईनं नुसती मान हलवली. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पदर मागं टाकला आणि पुढच्या दोन सीटच्या मधून सरळ बोलले.

"बाईच्या तोंडात कॅन्सर असल म्हणते डॉक्टर. नागपूरले न्या म्हणून सांगतलं. तुमाले खोटं सांगून राहिली ते. कार्यक्रम नाई करत आपण."

भासऱ्यांनी ब्रेक दाबला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आणि आमच्याकडे पाठ करून एका ढाब्याच्या खाटेवर जाऊन बसले. मला वाटलं, धक्का बसला, आता येतील, आणि गाडी सरळ नागपूरकडे वळवतील. मूर्ख मी. ते आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. माझ्याकडे नाही, बाईकडेही नाही, समोरच्या काचेकडे बघून म्हणाले, "आता घरात हेच पाहायचं राहिलं होतं." आणि गाडी घराकडे काढली.

त्या दिवसापासून आजपर्यंत मला जितक्या लोकांनी विचारलं, तितक्यांनी एकच विचारलं, तू भासऱ्याले बोलली? तोंडावर? पदर काढून? नवऱ्यानं फोनवर तेच विचारलं. शेजारणींनी तेच. माझ्या स्वतःच्या आईनं कुडव्याहून फोन करून तेच विचारलं, आणि म्हणाली, असं कसं केलंस गं. मी काय बोलले ते एकानंही विचारलं नाही. मी बोलले, एवढंच उरलं. माझं वाक्य त्या हायवेवरच पडलं असावं, ते घरी पोचलंच नाही.

सर्वांत जास्त चिडली बाई. मी तिला घरी येऊन सांगत होते की जाऊ द्या, मला काय म्हणायचं ते म्हणा, पण दवाखान्यात चला. ती चुलीपुढून उठली. रुमाल काढून, त्रास होत असताना, एकेक शब्द तोडत म्हणाली, "त्याईनं गावाशी भांडून आपल्याले गाऊ देलं. तू त्याईची काय इज्जत ठेवली?" मग म्हणाली की आजपासून तुझं तू, माझं मी. चूल वेगळी झाली. भासऱ्यांनी सगळे कार्यक्रम रद्द केले. बाईनं त्यांना परत सांगितलं की छालेच आहेत, लहानीला नागपूरला एकटीला गायचं आहे, म्हणून ती काहीही रचते. हे मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. त्यांना ते पटलं, कारण त्यांना ते पटवून घ्यायचं होतं. नाहीतर त्यांना माझं ऐकावं लागलं असतं.

मंडईचा सगळा हंगाम असाच गेला. मी माझ्या चुलीवर, ती तिच्या. आमच्या व्हिडिओंखाली लोक लिहीत होते, दोन जावा फुटल्या का, कोणाची चूक. मधल्या भिंतीपलीकडे ती खोकायची, गुळण्या करायची, ते मला ऐकू यायचं. एकदा मी भाताची पेज घेऊन गेले. तिनं वाटी बाहेर ओट्यावर ठेवली आणि दार लावलं. कोंबड्यांनी ती खाल्ली.

होळीच्या सुमारास तिच्या गळ्यात गाठ दिसायला लागली. भासऱ्यांनी स्वतः पाहिलं की तिला भात गिळवत नाही, तोंडातून बाहेर पडतो. तेव्हा त्यांनी गाडी काढली. नागपूरच्या डॉक्टरनं म्हणे त्यांना विचारलं, इतके दिवस काय करत होता. त्यांनी काय उत्तर दिलं मला माहीत नाही. ऑपरेशन झालं. जबड्याचा भाग काढला, जिभेचाही बराच तुकडा काढला. बाई घरी आली तेव्हा तिचा चेहरा एका बाजूनं आत गेला होता, आणि तिनं पदर असा घेतला होता की फक्त डोळे दिसावेत. आयुष्यभर मी तिच्या नवऱ्यापुढं घेतला तसा.

ती बोलायची, पण ते बोलणं म्हणजे घशातून येणारे आवाज. भासऱ्यांना एक शब्द कळत नव्हता. ते वही-पेन घेऊन आले, पण बाईला लिहिणं कुठं येत होतं. ते चिडायचे, मग ती चिडायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्या दाराबाहेर खाकरण्याचा आवाज आला. मी सवयीनं पदर घेतला आणि आत वळले. बाहेरून ते म्हणाले, "लहानी, चाल. ते काहीतरी म्हणून राहिली, मले समजत नाई."

मी गेले. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी घोगरं बोलली. मला कळलं. त्यात काही चमत्कार नव्हता. इतकी वर्षं मी तेच तोंड पाहत आले होते. अर्धं उरलं तरी ते तिचंच होतं. मी भासऱ्यांकडे वळले आणि सांगितलं, "म्हणते, दाळीत मीठ नाई."

तेव्हापासून घरातलं बोलणं माझ्यातून जायला लागलं. ती म्हणायची, मी सांगायचे, ते ऐकायचे. आमच्या भांडणाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. चूल परत एक झाली, तीही कोणी ठरवली नाही. मी त्यांच्या समोर पदर घेणं सोडून दिलं आणि त्यांनीही काही म्हटलं नाही. गावानं पाहिलं आणि गावानं बोलून घेतलं. बाई मधूनच गुणगुणायची. तेवढं तिला येत होतं. त्यावर मी बाहेर जाऊन रडून यायचे. तिच्यापुढं रडलं की ती हातातलं फेकून मारायची.

धानाला लोंब्या आल्या तेव्हा गाठ परत वर आली. नागपूरला नेलं, त्यांनी औषधं लिहून दिली आणि घरी ठेवा म्हटलं. म्हणजे काय ते आम्हाला तिघांनाही कळलं.

एका दुपारी बाई भिंतीला टेकून बसली होती, भासरे पायाशी, मी तिला चमच्यानं पाणी देत होते. ती बोलली. मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवून पाण्याची वाटी खाली ठेवायला वाकले. तिनं माझा दंड धरून परत तेच म्हटलं.

भासरे म्हणाले, काय म्हणते?

मी सांगितलं, "म्हणते, मले मरायचं नाई."

त्यांनी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिले सांग, मी नाई मरू देत."

ती त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मला भयंकर राग आला. म्हटलं, तुमीच सांगा, तिले ऐकू येते. आणि मी उठून बाहेर सांदवाडीत आले.

मागं भासऱ्यांनी तिला नावानं हाक मारली. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, त्यामुळे मी ते त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. पुढं त्यांना बोलवेना, नुसतं नावच घेत राहिले. मग बाई बोलली. मला बाहेरून स्पष्ट समजलं. ती म्हणाली, लय उशीर केला जी तुमी.

काय म्हणते, काय म्हणते, असं ते तिलाच विचारत होते. मला त्यांनी हाक मारली नाही, आणि मी आत गेले नाही.